चावी, बाटली आणि तुमचा मोबाइल नंबर

"अगं, तू मासकॉमची ना? मग दोन पानं खरडून दे की!"

माझ्या आयुष्यातली निम्मी फुकट कामं या एका वाक्यानं आली आहेत. सोसायटीची नोटीस, मावसबहिणीचा बायोडेटा, मित्राच्या स्टार्टअपचं ब्रोशर... आता त्यात भर पडली ती आमच्या जीपवाल्यांची.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच, की मी महिन्यातला एखादा रविवार चिखलात घालवते. फोर बाय फोर क्लब! थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा असल्या गाड्या घ्यायच्या, चांगला गुळगुळीत हायवे सोडून मुद्दाम ओढ्यात घालायच्या, अडकवायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून बाहेर काढायच्या. आईच्या मते, "त्यापेक्षा पुण्यातच फिरा, इथे काय खड्डे कमी आहेत?" माझ्याकडे स्वतःची गाडी नाही. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसते, रस्ता सांगते आणि चिखल उडाला की ओरडते.

तर झालं असं, की पुणे, मुंबई, नाशिक आणि कोल्हापूरकडच्या पाच क्लबांनी एकत्र येऊन फेडरेशन करायचं ठरवलं. नाव, लोगो, टी-शर्टचा रंग सगळं एका बैठकीत पक्कं झालं. (टी-शर्टलाच चाळीस मिनिटं गेली.) उठता उठता कुणीतरी म्हणालं, "दोन पॉलिसी पण लागतील हं. एक दारूची, एक प्रायव्हसीची." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला वाटलं, दोन तासांचं काम. पिऊन गाडी चालवू नये. दुसऱ्याची माहिती तिसऱ्याला देऊ नये. झालं! प्रत्यक्षात तीन आठवडे लागले, आणि त्यासाठी मला दोन वर्षं टाळलेला एक फोन करावा लागला.

आपण काय शाळेची सहल काढतोय?

पहिल्याच मीटिंगला गाडी अडकली. तीही दारूवरच. एक गट म्हणे, संपूर्ण बंदी. दुसरा गट म्हणे, "आम्ही आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करतो. रात्री शेकोटीपाशी दोन घोट घेतले तर कुणाच्या पोटात दुखतंय? आपण काय शाळेची सहल काढतोय?"

खरं सांगू? मला दुसरा गट पटत होता. तंबू लागलेत, गाड्या बंद आहेत, कुणी गिटार काढलंय... तिथे शिट्टी वाजवत फिरणारा हेडमास्तर कुणाला हवाय? पण मग एकानं हुकमी पान टाकलं, "आणि दिवसा तरी काय? आपण ताशी पाच किलोमीटरनं चालतो. एका बिअरनं काय होतंय?"

इथे मात्र थांबायला हवं. हायवेवरचा धोका वेगाचा असतो. आमच्याकडचा धोका वजनाचा असतो. फोर-लो गिअरमध्ये गाडी मुंगीच्या चालीनं जाते, पण चाकांत ताकद प्रचंड असते. आणि तिच्या समोर, दोन-तीन मीटरवर, एक जिवंत माणूस उभा असतो. त्याला आम्ही स्पॉटर म्हणतो. ड्रायव्हरला बॉनेटपुढचे दगड दिसत नाहीत, म्हणून स्पॉटर हातांनी खुणा करतो. डावीकडे घे, सरळ, थांब. गाडी अडकली की विंचचा दोर ताणला जातो. तो तुटला किंवा हूक निसटला तर आजूबाजूच्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणजे नशा गाडीतल्याची आणि भोगणार बाहेर पायी उभा असलेला.

"पण तिथे रस्ताच नाही, मग पोलिस कुठले आणि कायदा कुठला?" हाही प्रश्न आला. म्हणून मी मोटर वाहन कायदा, १९८८ काढून बसले. कलम १८५ मध्ये गाडी "चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना" असं म्हटलंय. रस्ता डांबरी हवा, अशी अट कुठेच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे. आणि कलम १८८ तर आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलंय. अशा गुन्ह्याला जो चिथावणी देतो, मदत करतो, त्यालाही तीच शिक्षा. म्हणजे "जा रे, काही होत नाही" म्हणत चावी हातात देणारा मित्रसुद्धा अडचणीत!

शिवाय इन्शुरन्स. नशेत गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचं नुकसान सर्वसाधारण मोटर पॉलिसीत भरून मिळत नाही. एवढं ऐकल्यावर हॉलमध्ये शांतता पसरली. पंधरा लाखांच्या गाडीपुढे भलेभले नरम होतात.

त्या रविवारी

त्या मीटिंगमध्ये मी कायदा सांगितला. जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. ते आता सांगते.

दोन वर्षांपूर्वी, मुळशीच्या पलीकडच्या डोंगरात आमचा मुक्कामी ड्राइव्ह होता. मी आमच्या काकांच्या जीपमध्ये होते. काका म्हणजे वय पंचावन्न, जीप माझ्यापेक्षा वयानं मोठी, आणि त्या भागातला एकेक ओढा त्यांना तोंडपाठ. अर्ध्या क्लबला त्यांनीच ड्रायव्हिंग शिकवलंय. शनिवारी रात्री मैफल दोन वाजेपर्यंत चालली. सकाळी सात वाजता काका ओढ्यात आंघोळ करून, पोहे खाऊन, दोन कप चहा मारून तयार. "एकदम फ्रेश!"

मी शेजारी बसले. वेलचीच्या वासाखालून दुसरा वास येत होता. मला कळलं. मी काय केलं? जीपच्या कापडी पडद्याची चेन उघडली, वारा आत घेतला. बस्स.

थोडं गणित. आपलं शरीर रक्तातलं अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगानं कमी करतं. कुणाचं थोडं जास्त, कुणाचं थोडं कमी. समजा रात्री दोनला आकडा १२० आहे. सकाळी सातला तो ४५ असतो. म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दीडपट! चहा, आंघोळ, लिंबूपाणी यांनी माणूस जागा होतो, उतरत मात्र नाही. ते काम फक्त घड्याळ करतं.

पुढे एक उतार होता. उताराखाली स्पॉटर म्हणून उभा होता एक नवा मुलगा. आयटीतला, तेवीस वर्षांचा, तिसराच ड्राइव्ह. आता, उतरताना फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, म्हणून क्लच दाबायचा नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा. आम्हाला तो काकांनीच शिकवलेला. मुलानं मूठ वर करून "थांब" अशी खूण केली. काकांनी क्लच दाबला. इंजिनची पकड सुटली आणि जीप मोकळी घरंगळली. तीन-चार फूट असेल. ब्रेक लागला तोवर मुलानं मागे उडी मारली होती, पाय दगडांच्या कपारीत अडकला होता आणि घोटा मोडला होता.

माहिती होती, पण भलतीकडे

पुढची गंमत ऐका. गंमत कसली म्हणा.

मुलगा वेदनेनं अर्धवट शुद्धीत. त्याचा फोन लॉक. घरचा नंबर कुणाकडेच नाही. रक्तगट माहीत नाही. कुणीतरी पेनकिलर पुढे केली. आमच्यातल्या डॉक्टरताईंनी हात धरला, म्हणून ती दिली गेली नाही. नंतर कळलं, की नेमकी तीच गोळी त्याला चालत नाही आणि त्यानं तसं ऑनलाइन फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं होतं. तो फॉर्म पुण्यात एका पदाधिकाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये सुखरूप होता. डोंगरात नेटवर्क शून्य.

आणि त्याच वेळी, सहलीला आलेल्या बेचाळीस जणांची नावं, मोबाइल नंबर, जन्मतारखा, घरचे पत्ते आणि कंपन्यांची एक्सेल शीट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन आठवडे फिरत होती! त्यातून दोन मुलींना अनोळखी नंबरांवरून गुलाबाच्या फुलांसकट "गुड नाइट" सुरू झालं होतं. म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांच्याकडे सगळी माहिती, आणि गरज पडली तेव्हा एकही ओळ हाताशी नाही.

तेवढ्यावर भागलं नाही. कुणीतरी काढलेला त्याचा फोटो, जमिनीवर पडलेला, मागे रात्रीचे बिअरचे रिकामे कॅन, आम्ही हॉस्पिटलला पोचायच्या आत नेटवर्कमध्ये पोचला. त्याच्या आईनं आधी तो फोटो पाहिला, मग मुलाचा फोन आला. सोमवारी ऑफिसात विचारणा, "काय रे, पिऊन पडलास?" तो मुलगा दारू पीत नाही. थेंबसुद्धा नाही.

आणि क्लबच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं गेलं? "भुसभुशीत मातीमुळे पाय घसरला." काही जण म्हणाले, "क्लबची गोष्ट क्लबमध्ये राहू दे. प्रायव्हसी आहे शेवटी." मीही गप्प बसले. त्याची प्रायव्हसी आम्हाला सांभाळता आली नाही, आणि आमची चूक झाकायला मात्र तोच शब्द कामी आला.

दोन कागद, एकच गोष्ट

पॉलिसी लिहायला घेतल्या तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. म्हणून दारूचा कागद आधी चार शब्दांत बसवला: *गाडी बंद, मग बाटली.* परदेशातल्या कितीतरी फोर बाय फोर क्लबांचा हाच नियम आहे. दिवसाची शेवटची गाडी थांबेपर्यंत काही उघडायचं नाही. चाव्या मार्शलकडे जमा. त्यानंतर ज्याचं त्यानं ठरवावं. पण महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, ती पाळायची. नको म्हणणाऱ्याला "घे रे एक" दोनदा म्हणायचं नाही. काच जंगलात सोडायची नाही.

सकाळी जो गाडी चालवेल, स्पॉटर होईल किंवा विंचला हात लावेल, त्यानं ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायचं. मर्यादा ३० नाही, शून्य. कायदा रस्त्यासाठी सरसकट आकडा ठरवतो. आमच्या गाडीसमोर आमचाच मित्र उभा असतो.

यावर नाशिकच्या एका दादानं योग्य मुद्दा काढला. "सगळ्यांसमोर फुंकायचं? एखाद्याचा आकडा आला की वर्षभर चेष्टा!" बरोबर! म्हणून टेस्ट मार्शलच्या गाडीमागे, एकेकाची. आकडा लिहायचा नाही, सांगायचा नाही. उत्तर फक्त "चालव" किंवा "शेजारी बस". शेजारी का बसला, हे कुणी विचारायचं नाही. पोट बिघडलंय म्हणाला तर पोट बिघडलंय.

मग प्रायव्हसीचा कागद. जुना फॉर्म काढला तर त्यात "हुद्दा" आणि "वार्षिक उत्पन्न" असे रकाने! चिखलात रुतलेल्या गाडीला सीटीसी विचारायचा का? ते सगळं उडवलं. राहिलं एवढंच: नाव, घरच्या एका माणसाचा नंबर, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं. लायसन्स आणि इन्शुरन्स बघायचा, फोटो काढून ठेवायचा नाही. तब्येतीची माहिती कागदावर, बंद पाकिटात, एक प्रत सगळ्यात पुढच्या गाडीत आणि एक सगळ्यात मागच्या गाडीत. गरज पडली तरच फोडायचं. घरी परतलो की पाकीट ज्याचं त्याला परत.

यालाही कायद्याचा आधार आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. सार सोपं आहे: कशासाठी हवंय ते सांगा, स्पष्ट संमती घ्या, तेवढ्याच कामासाठी वापरा, काम संपलं की पुसून टाका. संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. सदस्य अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची संमती लागते. आणि जिवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगी संमतीसाठी थांबायची गरज नाही. म्हणजे आमचं पाकीट फोडायलाही कायद्याची ना नाही!

फोटोंचा नियम: विचारल्याशिवाय नाही, आणि जखमी माणसाचा तर कधीच नाही. कोल्हापूरच्या एका ताईंनी पुढची ओळ घालायला लावली, "वाटेतल्या गावातल्या बायका-पोरांचाही नाही." विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईनं आपल्या क्लबचा फॉर्म भरलेला नसतो.

बंदीची यादी

सगळ्यात जास्त भांडण इथे झालं. एका क्लबनं एखाद्याला पिऊन चालवल्याबद्दल काढलं आणि तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या क्लबात हजर झाला, तर? सांगायचं की नाही? सांगितलं तर त्याची बदनामी. नाही सांगितलं तर उद्या कुणाचा तरी घोटा. इथे दोन्ही कागद समोरासमोर उभे!

तासभर चर्चेनंतर ठरलं ते असं. फेडरेशनकडे सगळ्यांच्या याद्या जाणार नाहीत, फक्त सदस्यसंख्या जाईल. (स्पॉन्सरना याद्या हव्या होत्या. त्यांना टी-शर्टवर जागा दिलीये, तेवढी पुरे.) बंदी असलेल्याचं नाव आणि बंदीची तारीख पाचही क्लबांच्या ड्राइव्हप्रमुखांना कळेल. कारण कळणार नाही. यादी ग्रुपवर जाणार नाही. त्या माणसाला आधी सांगितलं जाईल, आणि त्याला आपली बाजू मांडता येईल. मुदत संपली की नाव पुसायचं. मात्र अपघात झाला तर खरं कारण जखमी माणसाला सांगणं बंधनकारक. ते त्याच्यापासून लपवायचा हक्क कुणालाच नाही.

तो फोन

ही शेवटची ओळ मीच लिहिली, आणि लिहिल्यावर मला फोन करणं भाग होतं.

"ऐक ना, मला एक सांगायचंय. तू पडलास त्या दिवशी काकांची रात्रीची उतरली नव्हती. मला माहीत होतं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मलाही माहीत होतं. सकाळी त्यांनी 'चल रे वाघा' म्हणत मिठी मारली ना, तेव्हाच वास आला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"माझा तिसराच ड्राइव्ह होता. वाटलं, सीनिअर लोकांना कळत असेल. आणि तू आत बसलेली दिसलीस. म्हटलं, ताई बसलीये म्हणजे ठीकच असेल."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मी वारा घ्यायला चेन उघडली होती, आणि तो मला बघून निर्धास्त झाला होता!

त्या रात्री दोन्ही कागदांच्या वर एक ओळ घातली. *कुणीही, अगदी पहिल्यांदा आलेल्यानंही, "थांबा" म्हटलं की गाडी थांबेल, आणि त्याला कारण विचारलं जाणार नाही.* नियम नसला की बोलायला धाडस लागतं, आणि तिसऱ्या ड्राइव्हला ते कुणाकडे असतं? माझ्याकडे तर पंधराव्या ड्राइव्हलाही नव्हतं.

शेवटच्या मीटिंगला मी सगळं वाचून दाखवलं. काका मागच्या रांगेत होते. मला वाटलं, आता वाद घालतील. ते एवढंच म्हणाले, "सकाळी किती वाजता फुंकायचं?" मग पुढे आले आणि सही केली.

हा कॉलम त्या मुलाला आधी वाचायला पाठवला होता. त्यानं दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या. काकांनी त्याला नंतर फोन केला की नाही, हे मी विचारलेलं नाही. ते त्या दोघांचं खासगी आहे.

जाता जाता: तुमच्याकडे जीप नसेल, पण ऑफिसची ऑफसाइट तर असेल? रिसॉर्टवरून सकाळी सातला निघणारी गाडी कोण चालवणार, हे आदल्या रात्रीच ठरवा. टीमच्या एक्सेल शीटमध्ये जन्मतारखा आणि पत्ते कशाला, हे एचआरला गोड आवाजात विचारा. आणि गाडीत बसताना वास आला तर नुसती खिडकी उघडू नका. बोला.